थेंबकाका आणि कोरडा क्लच

थेंबकाकांनी क्लचला तेल घातलं. तेही हात आखडता न घेता, चांगलं सढळ.

त्या वेळी त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना ते दादा म्हणत, समोरच खुर्चीत बसले होते आणि डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर थापा मारत होते. धप, धप, धप. दादांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती, तेव्हा बोलायचं ते सगळं खातं आता डाव्या हाताकडे आलं होतं. थेंबकाकांना वाटलं, शाबासकी मिळते आहे. दादांची शाबासकी त्यांना जन्मात फारशी मिळाली नव्हती, त्यामुळे ती ओळखायचा सरावही नव्हता. ते खूश झाले. "बघ, कसा कोरडाठाक पडलाय बिचारा," असं क्लचविषयी कळवळून म्हणाले आणि आणखी चार थेंब सोडले.

थापा वाढल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते शाबासकी नाही देत. थांब म्हणताहेत."

झालंच, झालंच, असं म्हणत थेंबकाकांनी अंगणातल्या गुडघाभर गाडीच्या इंजिनाची दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. त्यांनी रेस दिली. इंजिन गरजलं, गाडी मात्र जागची हलली नाही. त्यांनी आणखी रेस दिली. मग इंजिन किंचाळलं, क्लचमधून निळसर धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास अंगणभर पसरला. दादांनी थापा मारायचं थांबवलं आणि डोळे मिटून घेतले. त्याचा अर्थ वहिनींना सांगावा लागला नाही.

यात थेंबकाकांचा दोष होता, पण तो त्यांच्या धंद्याचाही होता. सारा जन्म त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त करण्यात घालवला होता. आणि शिलाई मशीनचा म्हणून जो काही आजार असतो, तो दहांतल्या नऊ वेळा कोरडेपणाचा असतो. मशीन जड चालतंय? एक थेंब टाका. आवाज करतंय? एक थेंब टाका. सुई अडकतेय? आधी एक थेंब टाका, मग बघू. यावरूनच त्यांना हे नाव पडलं, आणि पुढे इतकं चिकटलं की खरं नाव विचारलं तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागे. लांब चोचीची तेलाची बुधली त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची, त्यामुळे त्यांच्या सगळ्या शर्टांना छातीवर एकच डाग होता. शेजाऱ्यांच्या दारांच्या बिजागऱ्या, डॉक्टरांकडचं कुरकुरणारं बाक, दादा दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या खाटेची चाकं, सगळ्यांना त्यांनी न विचारता तेल दिलं होतं. त्या खाटेला तर इतकं दिलं की नर्सनं दादांना सुई टोचायला जरा रेलून हात टेकला, तर खाट दादांसकट भिंतीपर्यंत गेली.

बोलण्याचंही तेच. कुठे दोन माणसं एकमेकांवर खेकसायला लागली की थेंबकाका मध्ये जाऊन गोड बोलून त्यांना मोकळं करून येत. लग्नाचं त्यांचं राहून गेलं होतं. जेवण दोन्ही वेळचं वहिनींच्या हातचं. त्याची परतफेड म्हणून ते जेवताना गप्पा मारत. वहिनी म्हणायच्या, त्यापेक्षा भांडी घासत जा, तेवढी तरी शांतता मिळेल.

दादा अगदी उलट. ते पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करत. घर एकच, अंगण एकच. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत थेंबकाकांची मशीनं, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दादांची इंजिनं. गिऱ्हाईक येऊन सारी रामकहाणी सांगायचं आणि दादा ऐकून एवढंच म्हणायचे, "उद्या." त्यांच्याकडे मुळात शब्दच मोजके, आणि झटका आला तेव्हा ते मोजकेच नेमके गेले. थेंबकाकांचा शब्दांचा एवढा मोठा साठा, त्याला धक्काही लागला नाही. ही वाटणी वहिनींना फार अन्यायाची वाटे आणि तसं त्या बोलूनही दाखवत.

ती गाडी दादांनीच बनवायला घेतली होती. एका जुन्या लोखंडी खाटेचे पाइप कापून, वाकवून, वेल्डिंग करून सांगाडा केला. चाकं दोनच, एका मोडक्या हातगाडीची. इंजिन फवारणीच्या पंपाचं. गुडघ्याएवढी उंची, बसलं तर माणसापेक्षा गाडीलाच ओशाळल्यासारखं व्हावं असा तो प्रकार. कुणासाठी करताय, असं वहिनींनी विचारलं तेव्हा दादा म्हणाले होते, "अशीच." पण अडचण एक होती. इंजिनाची चेन थेट मागच्या चाकाला जोडलेली. म्हणजे सुरू करायची तर ढकलत पळायचं, आणि थांबायचं तर इंजिनच बंद करायचं. म्हणून दादांनी आपोआप धरणारा क्लच आणून ठेवला होता. दिसायला लोखंडी वाटी. वाटीच्या आत दोन अर्धगोल तुकडे, त्यांना गॅरेजवाले शू म्हणतात, ते स्प्रिंगनं आवळून बसवलेले. इंजिन हळू फिरत असेल तोवर शू अंग चोरून बसतात आणि गाडी उभी राहते. इंजिनानं वेग घेतला की ते बाहेर फेकले जातात आणि वाटीला आतून घट्ट धरतात. वाटी फिरली की चेन फिरते, चेन फिरली की गाडी निघते. लिव्हर दाबायला नको, पाय मारायला नको. नुसती रेस दिली की झालं.

तो क्लच कागदात गुंडाळलेला शेडमधल्या फळीवर तसाच राहिला. एका सकाळी दादांच्या हातून चहाचा कप पडला, आणि कप का पडला हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं तर तोंडातून नुसता आवाज आला.

आता या दोघा भावांत एक जुना हिशोब होता. दोघं शाळकरी असताना भाड्याची सायकल आणायचे आणि मैदानाला आळीपाळीनं एकेक फेरी मारायचे. एकदा शेवटची फेरी दादांची असताना धाकटा उतरलाच नाही. आणखी एक, आणखी एक करत तो थेट पाण्याच्या हौदावर जाऊन आदळला आणि सायकलच्या पुढच्या चाकाचा आठचा आकडा झाला. दादांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त एक बोट वर करून म्हणाले, "एक फेरी राहिली." त्यानंतर सारा जन्म ते बोट वर होत राहिलं. थेंबकाका कुठल्या कामाला टाळाटाळ करू लागले की दादा एक बोट वर करायचे. जड इंजिन उचलायला हात हवा, एक बोट. पोरगा तापलाय, डॉक्टरला बोलावून आण, एक बोट. पोरं वाढली, केस पिकले, फेरी काही फिटली नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर दादांनी पहिली गोष्ट केली ती हीच. डावा हात उचलून एक बोट वर केलं. नर्सनं घाईनं भांडं आणलं. थेंबकाका कोपऱ्यात तोंड फिरवून इतके हसले आणि मग इतके रडले, की नर्सनं त्यांनाच बाकावर बसवून पाणी पाजलं.

त्यामुळे पुतण्याचा फोन आला तेव्हा थेंबकाकांच्या डोक्यात आधी ही फेरीच आली. पुतण्या, म्हणजे दादांचा मुलगा, लांबच्या मोठ्या शहरात नोकरीला होता. तिकडे हाताला व्यायाम देणारे चांगले डॉक्टर होते, घरात लिफ्ट होती, आणि आईच्यानं आता बाबांना उचलणं होत नाही हे त्यानं गेल्या खेपेला डोळ्यांनी पाहिलं होतं. महिनाअखेरीला येऊन दोघांना कायमचं घेऊन जातो, असं तो म्हणाला. खोटं काहीच नव्हतं. थेंबकाका फोनवर बरोबर आहे, अगदी बरोबर आहे, असं पुन्हापुन्हा म्हणाले. मग दुकानात जाऊन एकाच मशीनला तीनदा तेल घालून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमधली गाडी अंगणात आणली. दादांसमोर उभी केली आणि म्हणाले, "तू जायच्या आत तुझी फेरी फेडतो. मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

दादा गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि मग शेडमधल्या फळीवरच्या कागदाच्या पुडक्याकडे डावं बोट केलं. लिव्हर दाबायला न लागणारा क्लच. जणू हे सगळं आधीच ठाऊक असल्यासारखा तो तिथे येऊन बसला होता.

आणि त्यालाच थेंबकाकांनी तेल घातलं.

धूर विरल्यावर दादांनी जे शिकवलं ते बोटांनी. अंगठा आणि बोट एकमेकांवर निसटवून दाखवलं, मग बोट हलवून नको. मुठीत दुसरं बोट पकडायचं तर दुसरा हात चालत नव्हता, म्हणून थेंबकाकांचं मनगट पकडलं आणि असं आवळलं की ते कळवळले. म्हणजे क्लचचं काम धरण्याचं, आणि धरायचं तर कोरडं हवं. थेंबकाकांना हे पटेना. लोखंडावर लोखंड घासायचं आणि तेल द्यायचं नाही, हे त्यांना माणसाला जेवायला वाढून पाणी न देण्यासारखं वाटत होतं. पण पेट्रोलनं शू धुतले, पॉलिश पेपरनं घासले, पुन्हा धुतले. दादांनी एका हातानं फडकं मांडीवर दाबून धरत स्वतःही एक शू पुसला. गाडी चालू केली तर ती हातभर पुढे उडाली आणि पुन्हा तेच, इंजिनाचा नुसता आरडाओरडा. तेल शूला बाहेरून चिकटवलेल्या अस्तरात मुरलं होतं.

स्पेअर पार्टवाल्यानं ते शू हातात घेऊन हुंगले. तो थेंबकाकांना चांगला ओळखून होता.

"क्लचला तेल? मग ब्रेकला साबण लावून टाका काका, म्हणजे बरोबरी होईल."

नवे शू दुकानात नव्हते. मागवावे लागतील, म्हणाला. कधी येतील ते येतील. थेंबकाकांनी त्याच्या काउंटरवर टेकून आपलं गोड बोलणं सुरू केलं. थोरल्या भावाचा आजार सांगितला, फेरी सांगितली, हौद सांगितला. त्यानं सगळं ऐकलं, चहा पाजला, आणि म्हणाला की माल काही बोलण्यानं लवकर येत नाही.

मधले दिवस बाकीच्या कामात गेले. दादांचा उजवा हात चालणार नव्हता म्हणून रेसची मूठ डाव्या बाजूला घेतली, ब्रेकही तिकडेच. चेन सरळ रेषेत आहे का हे बघायला दादा लोखंडी पट्टी मागत होते. थेंबकाकांनी शिलाईचा दोरा आणला आणि चेनच्या पुढच्या दातेरी चक्रापासून मागच्या चक्रापर्यंत ताणून धरला. दादांनी एक डोळा मिटून दोऱ्यावरून नजर टाकली आणि मान हलवली. म्हणजे कबूल. थेंबकाकांनी वहिनींना हाक मारून ही गोष्ट सांगितली. वहिनी कपाटातले कपडे काढून दोन ढिगांत ठेवत होत्या, न्यायचे आणि द्यायचे. त्या म्हणाल्या, "छान झालं." पण उठल्या नाहीत. त्यांच्या हातात दादांचा कामाचा खाकी शर्ट होता आणि तो कुठल्या ढिगात टाकायचा ते त्यांना ठरवता येत नव्हतं. थेंबकाका जरा वेळ दारात उभे राहिले. तो शर्ट त्यांनी वहिनींच्या हातातून घेतला, अंगात घातला आणि पुन्हा अंगणात गेले.

नवे शू आले ते निघायच्या आदल्या दिवशी. दुपारी दोघं भाऊ कामाला बसले. इंजिनाच्या शाफ्टच्या खाचेत चावी बसवली, म्हणजे लोखंडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, ज्यानं क्लच शाफ्टवर नुसता फिरत नाही. त्यावर क्लच सरकवला. वॉशर घातला, बोल्ट आवळला. बोल्ट घट्ट बसला तरी क्लच हातानं हलत होता. थेंबकाका आणखी आवळायला लागले तेव्हा थापा पडल्या. या वेळी ते थांबले. दादांनी बोट मिटत मिटत अर्धं करून दाखवलं. बोल्ट लांब होता, तळाला टेकत होता. तो कापून आखूड केल्यावर क्लच जागी बसला. आणि मग दादांनी थेंबकाकांच्या खिशाकडे हात केला.

"आता? आता तेल?"

दादांनी वाटीच्या मधोमध, जिथे ती शाफ्टवर फिरते तिथल्या पितळी कड्याकडे, बुशकडे, बोट दाखवलं. मग एक बोट वर केलं. एक.

थेंबकाकांनी बुधली काढली. श्वास रोखला. सुईच्या नाकात दोरा ओवतात तशी ती चोच आत नेली आणि एकच थेंब सोडला. इतका जपून थेंब त्यांनी उभ्या आयुष्यात सोडला नव्हता.

शेवटचं काम इंजिनाचा उभ्या उभ्या चालायचा वेग उतरवण्याचं. तो जास्त राहिला तर दोरी ओढताक्षणी क्लच धरणार आणि गाडी माणसाला घेऊन सुटणार. ते काम दादांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मागचं चाक विटेवर उचलून ठेवलं, इंजिन सुरू केलं. थेंबकाकांनी बॉबिनच्या डबीचा ताण लावायचा आपला बारीक स्क्रू ड्रायव्हर दादांच्या डाव्या हातात दिला. दादांनी तोंड वळवलं, डोळे मिटले आणि कान इंजिनाकडे केला. कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवला. ऐकलं. आणखी किंचित. चाक फिरायचं हळू झालं, आणखी हळू, मग थांबलं. इंजिन चालूच होतं. धीम्या, एका लयीत, पोट भरलेल्या मांजरासारखं. दादा स्क्रू ड्रायव्हर हातात धरून पुष्कळ वेळ तसेच ऐकत बसले.

पुतण्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येणार होता. सकाळी चहा झाल्याझाल्या गाडी बाहेर काढली. वहिनींनी आदल्या दिवसापर्यंत या सगळ्याला पोरखेळ म्हटलं होतं आणि पडले तर मुलाला काय तोंड दाखवणार, असंही विचारून झालं होतं. आता त्या एक जुना टॉवेल घेऊन आल्या आणि त्याच्या पट्ट्या फाडल्या. दादांना दोघांनी मिळून सीटवर बसवलं. उजवा पाय पायटेकणीवरून घसरत होता, तो वहिनींनी खाली बसून पट्टीनं बांधला. उजवा हात मुठीवर ठेवून तोही सैलसर बांधला. मग उठल्या आणि दादांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "ऐकताय का. हळू."

फेरी ठरली ती दारापासून गल्लीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. थेंबकाकांनी दोरी ओढली, दादांनी डावी मूठ वळवली. शूंनी वाटी धरली. ना झटका, ना आवाज. पाण्यावर होडी निघावी तशी गाडी निघाली. थेंबकाका मागचा पाइप धरून बाजूनं धावत होते आणि तोंडानं सगळ्या सूचना चालू होत्या. डावीकडे घे, खड्डा आहे, पुढे बघ, माझ्याकडे कशाला बघतोस. चालण्याच्या वेगापेक्षा गाडी जरा जास्त निघाली तेव्हा त्यांचा दम संपला. आधी बोलणं थांबलं, मग पाय. त्यांनी पाइप सोडला.

गुडघ्यावर हात टेकून, धापा टाकत त्यांनी पाहिलं. दादांची पाठ लांब जात होती. झटक्यानंतर ती पाठ नेहमी एका बाजूला कललेली असे. आता सरळ होती. निदान लांबून तशी दिसत होती. दादांच्या तोंडून एक आवाज निघत होता, मोठा, लांबलेला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. दारादारांतून माणसं बाहेर आली.

टाकीशी पोचून दादांनी रेस सोडली. क्लचनं हात सोडला, गाडी थांबली. डावा पाय टेकवून ते वळायच्या बेतात होते, तेवढ्यात टाकीच्या बाजूनं एक मोटार गल्लीत वळली.

ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून पुतण्या मध्यरात्रीच निघाला होता.

त्यानं काय पाहिलं असेल? आजारी बाप, फडक्यांनी गुडघाभर गाडीला बांधलेला, चेहरा वाकडा, डोळ्यांतून पाणी, तोंडातून ओरडणं. तो मोटार तशीच टाकून धावला. गाठी सोडल्या, बापाला दोन्ही हातांनी उचललं आणि मोटारीत बसवलं. दादांनी डाव्या हातानं त्याच्या खांद्यावर थापा मारल्या. त्यानं तो हात धरून खाली ठेवला आणि म्हणाला, "झालं बाबा, झालं, मी आलोय."

थेंबकाका पोचेपर्यंत मोटार त्यांच्यासमोर आली होती. पुतण्यानं काच खाली केली. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं.

"काका, तुमच्या भरवशावर ठेवलं होतं मी त्यांना."

साऱ्या गावाची भांडणं मिटवणारे थेंबकाका. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्याही तोंडून नीट काही निघालं नाही. मोटार दाराकडे गेली. ते टाकीकडे गेले. गाडी टाकीच्या भिंतीला टेकून उभी होती. इंजिन बंद कुठून करायचं हे पुतण्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते तसंच चालू होतं, धीम्या लयीत, आणि चाक अगदी स्थिर. त्यांनी ते बंद केलं आणि गाडी ढकलत घरी आणली.

सामान भरून झालं. वहिनींनी चुलीच्या ओट्यावरून उगीच एकदा फडकं फिरवलं, किल्ली थेंबकाकांच्या हातात दिली आणि डबे कुठल्या फळीवर आहेत ते सांगितलं. मग तेच पुन्हा सांगितलं. दादा मोटारीत मागच्या सीटवर होते. थेंबकाका खिडकीशी जाऊन उभे राहिले. दादांनी एक बोट वर केलं. मग अंगठ्यानं त्या बोटाचं मधलं पेर दाबून धरलं.

"काय म्हणताहेत?" पुतण्यानं पुढून विचारलं.

"काही नाही. आमचा हिशोब आहे." आणि मग खिडकीत वाकून थेंबकाका म्हणाले, "अर्धी ठेवतो राखून. ये परत."

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. म्हणजे थेंबकाका बोलायचे. वहिनी फोन दादांच्या कानाला लावून धरत. इकडून गल्लीतल्या सगळ्या बातम्या जायच्या, तिकडून खुर्चीच्या हातावरच्या थापा ऐकू यायच्या. आता थेंबकाकांना थापांतला फरक कळू लागला होता. सावकाश, मोकळ्या हाताची ती खुशीची. भरभर ती पुरे कर. त्या मोठ्या शहरात व्यायाम चालू होता, लिफ्ट होती, सगळं होतं. थंडी सुरू झाली तेव्हा थापा फार क्षीण येऊ लागल्या, आणि मग एके दिवशी फोनवर नुसत्या वहिनी होत्या.

थेंबकाका जाऊन आले. परतले ते आठवडाभर कुणाला काही न सांगता दुकान उघडून बसले. गिऱ्हाइकांना ते चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मशीन दुरुस्त करून मिळत होतं, पण नुसतंच.

पुढे पुतण्या शेड आवरायला आला. पाने, पंप, जुनी इंजिनं, कोण काय नेईल ते ठरलं. शेवटी कोपऱ्यात गोणपाटाखाली गाडी निघाली. तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

"काका, त्या दिवशी मी फार बोललो. ते इतके रडत होते, मला बघवलं नाही."

थेंबकाका गोणपाटाची घडी घालत होते. ती पुरी घालून झाल्यावर म्हणाले, "हसत होता रे तो."

पुतण्या खाली बसला. तिथेच, इंजिनाच्या एका खोक्यावर. थेंबकाकांनी पाठीवर हात ठेवला. नेहमीचं गोड बोलणं त्यांना करता आलं असतं. तुझी काय चूक, कुणालाही तसंच वाटलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तेल नेमकं कुठे द्यायचं आणि कुठे द्यायचं नाही, हे त्यांना अंगणात एकदा शिकवून झालं होतं. ते गप्प राहिले. आणि जरा वेळानं त्यांच्या मनात ते आलंच, जे त्या सकाळपासून रोज येत होतं. ते चार थेंब पडले नसते, तर जुनेच शू चालले असते, आणि फेरी कितीतरी आधी, पुरी, टाकीपर्यंत आणि परत, मारून झाली असती.

मग पुतण्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "हिचं काय करायचं? मी चालवून बघू?"

"नको," थेंबकाका म्हणाले. "राहू दे इथेच."

गाडी अजून तिथेच आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी थेंबकाका ती अंगणात काढतात. बुशमध्ये एक थेंब सोडतात, एकच, आणि दोरी ओढतात. इंजिन लागतं. दादांनी लावून दिलेल्या वेगावर चालत राहतं. समोरची खुर्ची त्यांनी हलवलेली नाही. ते गाडीच्या शेजारी पायरीवर बसतात, तोंड वळवून, कान इंजिनाकडे करून. रेसच्या मुठीला हात लावत नाहीत. इंजिन चालू असतं, चाक उभं असतं, आणि टाकीपासून दारापर्यंतची अर्धी फेरी राहिलेली असते.